वेताची की तारेची

"कडी वेताची घालू की तारेची, साहेब?" टोपीवाल्या पूकने विचारलं, आणि मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. प्रश्न साधा होता. माझ्या टोपीचा वरचा गोल ढिला पडला होता, नाताळानंतर ॲडमिरलची तपासणी होती, म्हणून ती दुरुस्तीला आणली होती. आत एक कडी असते आणि तिच्यावर टोपीचं कापड ताणलेलं राहतं, एवढं मला विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण ती कडी कशाची असते हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. टोपी डोक्यावर घालायची असते, उसवून बघायची नसते. "म्हणजे?" मी म्हणालो. पूकच्या ओठांत टाचण्या होत्या, त्या त्याने एक एक करून काढल्या आणि गादीला टोचल्या. "म्हणजे असं बघा, तार घातली की टोपी ताठ बसते, वाऱ्यात आकार सोडत नाही. तोफांवरचे साहेब लोक तारच मागतात. पण तुम्ही पडलात नकाशावाले. तुम्हाला मी आपली वेताची देतो. होकायंत्रापाशी लोखंड नको. आमच्या बापाचा दंडकच होता तो." मग त्याने मापांची जाड वही काढली, अंगठ्याला थुंकी लावून मागे मागे गेला. "हे बघा. कार्सलेक. एकदाच तारेची गेलीय तुम्हाला. १९०४, मे महिना. मी नको नको म्हणत होतो. बाईसाहेब ऐकेनात. वेताची टोपी फसलेल्या केकसारखी दिसते म्हणाल्या." तो हसला. मी हसलो नाही. दुकानात ओल्या लोकरीचा आणि इस्त्रीचा वास कोंदला होता. "वेताची घाला," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

बाहेर धुकं होतं. पोर्ट्समथच्या डिसेंबरात दुसरं असणार काय. ट्राम घंटी बडवत गेली, आणि मला आतल्या खिशातलं पत्र छातीला टोचायला लागलं. सकाळपासून ते तिथेच होतं, तेव्हा टोचत नव्हतं. पत्र ॲडमिरल लॅस्कम्बना होतं. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली होती आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणजे असं ते म्हणत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं, उकडलेलं मटण माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं, आणि मग म्हणाले, "व्हेनिंगचं नाव आलंय माझ्यापुढे. तू त्याला जवळून पाहिलंयस. खासगीत दोन ओळी लिही. फायलीत जाणार नाहीत." वर्षातून दोनदा आमची यादी लागते, जूनच्या शेवटच्या दिवशी आणि डिसेंबरच्या. कमांडरांतून काही कॅप्टन होतात. बाकीचे सहा महिने थांबतात, मग पुन्हा सहा महिने, आणि मग एक दिवस त्यांची थांबायची वर्षं संपतात. कुणी त्यांना काही सांगत नाही. त्यांचं नाव वाचायचं बंद होतं, बस. माझी ही शेवटची यादी होती आणि व्हेनिंगचीही. दोघांच्याही ज्येष्ठतेची दोन-दोन वर्षं एकाच सकाळी कापली गेली होती, म्हणून दोघं बरोबर काठावर येऊन उभे होतो.

दोन ओळी लिहायला मला तीन दिवस लागले. खोटं काही लिहिलं नाही. "व्हेनिंग उत्तम खलाशी आहे, माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात. मात्र अडचणीच्या वेळी त्याची वही नेमकी कधी लिहिली गेली, एवढं विचारून घ्यावं लागतं." वाचून बघितलं तेव्हा बरं वाटलं. नऊ वर्षं आत अडकलेला काटा एकदाचा बाहेर आला होता. कुणी म्हणेल, मत्सर. मत्सर नाही. मला खात्री होती. खात्री असलेल्या माणसाला मत्सराची गरज पडत नाही.

आमची युद्धनौका 'कोरिसांड' १९०४च्या जूनमध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सरावाला होती. मी जहाजाचा मार्ग सांभाळणारा, नॅव्हिगेटर, आणि सकाळच्या पहाऱ्यावर व्हेनिंग. धुकं होतं, पण असं नव्हे. ते विरळ होतं, मधूनच फाटणारं. आठ वाजायच्या सुमारास ते एकदा फाटलं आणि दीपगृह दिसलं, त्याच्या उजवीकडे काळा सुळका दिसला. मी वर पोहोचेपर्यंत व्हेनिंगने दोन्हींच्या दिशा होकायंत्रावर घेऊन वहीत लिहिल्या होत्या. निदान तो नंतर तसं म्हणाला. मी वाकलो, डोळा भिंगाला लावला, दोन्ही दिशा स्वतः घेतल्या. माझ्या आणि त्याच्या आकड्यांत तीन अंशांचा फरक होता. तो माझ्या खांद्यामागे उभा होता. "कार्सलेक, परत एकदा बघतोस का? माझं वेगळं येतंय," तो म्हणाला. मी म्हणालो, "मला बघायला शिकवू नकोस." हे मला अजून शब्दन् शब्द आठवतं. सिग्नलवाला खाली दिव्यापाशी होता, त्याने ऐकलं नाही. मी माझ्या आकड्यांवरून जागा काढली, जहाज वळवलं, आणि अकरा मिनिटांनी तळाखाली असा आवाज झाला की कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढतंय. धक्क्याने माझी टोपी उडाली. व्हेनिंगने ती उचलून दिली.

माणूस एकही दगावला नाही. तळाचे चार पत्रे फाटले आणि दोन माणसांची कारकीर्द. पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. लष्करी कोर्टात माझी तलवार टेबलावर आडवी होती. निकालासाठी आत बोलावलं तेव्हा तिचं टोक माझ्याकडे होतं, म्हणजे दोषी, हे कुणी तोंड उघडण्याआधीच मला कळलं. पण मला छळलं ते टोकाने नाही. मला छळलं ते आदल्या दिवशीच्या साक्षीने. होकायंत्र तज्ज्ञांनी खोलून तपासलं होतं, त्यात काडीचा दोष नव्हता. माझी नजर डॉक्टरने तपासली, ती घारीची. मग प्रमुखांनी व्हेनिंगला विचारलं, "दिशा घेताना होकायंत्राजवळ कुणाकडे लोखंडाची वस्तू होती? चाकू, किल्ल्या, काहीही?" त्याने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत नाही, कपाळाकडे, आणि मग म्हणाला, "नाही, सर." त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि लगेच पुढचा प्रश्न आला. फरक लक्षात आल्यावर तुम्ही कार्सलेकना सांगितलंत का? "नाही, सर. सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

आता बघा. त्याने मला सांगितलं होतं. मला ठाऊक होतं की त्याने सांगितलंय, त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे, आणि तरी तो सगळ्यांसमोर स्वतःच्या विरुद्ध खोटं बोलला. माणूस स्वतःच्या तोट्याचं खोटं कधी बोलतो? जेव्हा त्याला त्याहून मोठं काही झाकायचं असतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी त्या बाकावर बसल्या बसल्या हिशेब जुळवला. त्याच्या खिशात चाकू असणार. माझ्या मागे उभा राहून त्याने सुई हलवली असणार, मुद्दाम नसेल, मुद्दाम असं मी कधीच म्हणालो नाही. आणि स्वतःचे बरोबर आकडे त्याने धडकल्यानंतर लिहिले असणार, धुकं उडाल्यावर, सगळं लख्ख दिसत असताना. म्हणून तर एवढा नम्रपणा. मी उठून "त्याने मला सांगितलं होतं" असं म्हणालो नाही. कशाला म्हणू? त्याचं त्याने ठरवलं होतं. मला कडक ताकीद मिळाली, दोन वर्षांची ज्येष्ठता गेली, जहाजावरून काढलं. त्यालाही ताकीद मिळाली आणि त्याचीही दोन वर्षं गेली, फरक न सांगितल्याबद्दल. बाहेर पडताना त्याने माझा दंड दाबला. "होतं असं, कार्सलेक." मी त्या दंडाकडे नंतर कितीदा बघितलं असेल.

घरी चालत निघालो. ट्रामने जाता आलं असतं, पण ट्राममध्ये ओळखीचं कुणी भेटतं आणि यादीबद्दल विचारतं. रस्त्यात मी पूकचा विचार केला. हा म्हातारा नऊ वर्षांपूर्वीची टोपी आज का काढतो? व्हेनिंगही त्याच्याकडेच शिवतो. कदाचित व्हेनिंगनेच त्याला पढवलं असेल, की कार्सलेक आला की सहज म्हणून हे सांग. हा विचार मनात आला आणि मला स्वतःचीच किंचित लाज वाटली, पण किंचितच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात लाजायचं काय. मग हेस्टर आठवली. ती तारेची टोपी मला न सांगता तिने मागवली, ती माझ्या वाढदिवसाला 'कोरिसांड'वर टपालाने आली, धडकण्याच्या दोनच दिवस आधी. माझ्या खोलीत ती मी खुंटीला लावली. खुंटी लोखंडी भिंतीत होती आणि भिंतीच्या पलीकडे डायनामो घरघरत असे. तिसऱ्या सकाळी मी ती पहिल्यांदा घालून वर गेलो. नंतर पुन्हा कधी घातली नाही. अपशकुनी म्हणून डब्यात घालून ठेवून दिली. आम्ही समुद्रावरची माणसं शकुन-अपशकुन मानत नाही असं सांगतो आणि मांजर आडवं गेलं की जहाज थांबवतो. आणि हेस्टर लग्नाआधी व्हेनिंगबरोबर नाचायची. माल्टाला. ती त्याला राल्फ म्हणते. मी त्याला चोवीस वर्षं ओळखतो आणि व्हेनिंग म्हणतो.

घरी शेगडी पेटलेली होती. हेस्टर मफिन भाजत होती, लांब काट्याला टोचून, गाल लाल झालेले. मी कोट काढला, खिशातलं पत्र काढलं आणि दाराजवळच्या पितळी ताटलीत ठेवलं. टपालाची पत्रं आम्ही तिथे ठेवतो. साडेचारला आमची मोलकरीण डॉर्कस ती कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून येते. रोजचा हात आहे, हाताने ठेवलं. मी ठेवलं असं मी म्हणणार नाही. "हेस्टर," मी म्हणालो, "तू मला चार साली एक टोपी पाठवली होतीस."

"वाढदिवसाची. एकदाच घातलीस. मला वाटलं आवडली नाही."

"तारेची का मागवलीस?"

"तू रुबाबदार दिसावास म्हणून. का रे?"

"कुणी सुचवलं होतं? व्हेनिंगने?"

तिने काटा खाली ठेवला. "राल्फचा काय संबंध? एडमंड, आता कसला किडा वळवळतोय तुझ्या डोक्यात?"

"काही नाही. विचारलं आपलं."

"तू आपलं म्हणून कधी काही विचारत नाहीस." ती शांतपणे म्हणाली, मला ती शांतपणे बोलली की जास्त टोचतं. "लोकांचे नवरे समुद्रावरून येताना शाल आणतात, पोपट आणतात. तू दर खेपेला एक संशय घेऊन येतोस. मी ते कुठे मांडून ठेवू?" मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्यात काही नव्हतं. मफिन करपत होतं आणि तिला त्याची काळजी होती. माझं मेलं हे असंच आहे, चेहऱ्यात काही दिसलं नाही की मला वाटतं, छान लपवलंय.

मी वर अडगळीच्या खोलीत गेलो. टोपीचा पत्र्याचा डबा तीन ट्रंकांखाली होता. वडिलांचं खिशातलं छोटं होकायंत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं, ते घेतलं. आधी खिडकीच्या लाकडी फळीवर ठेवलं आणि सुई थांबेपर्यंत वाट बघितली. मग डब्यातून टोपी काढली. कापूर आणि दमट कापडाचा वास आला. दिशा घेताना वाकलेलं डोकं जसं वीतभर अंतरावर असतं, तशी मी ती टोपी होकायंत्राशी नेली. सुई थरथरली आणि बाजूला झाली. मी टोपी दूर नेली. सुई परत आली. मी ती पुन्हा जवळ नेली. असं मी अकरा वेळा केलं. मग म्हटलं, फळीत खिळे असतील. होकायंत्र ट्रंकेवर ठेवलं, मग पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, मग तळहातावर. सगळीकडे सुई कुठे जाते ते दिसत होतं. ती माझ्या टोपीकडे जात होती. शिवण दातांनी तोडून मी कडी बाहेर काढली. बारीक काळी तार, दोन टोकं एकमेकांत अडकवलेली. पोराच्या हातात द्यावं असलं खेळणं. नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या खिशातलं लोखंड शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं म्हणायचीही सोय नव्हती, कारण कळसा काखेत नव्हता, डोक्यावर होता.

आणि मग ती दुसरी आठवण आली, जी नऊ वर्षं माझ्याजवळ होती आणि जिला मी कधी हात लावला नव्हता. जहाज धडकलं, टोपी उडाली, व्हेनिंगने ती उचलली. लगेच दिली नाही. त्याने कडेवरून अंगठा फिरवला, एकदा दाबून बघितली, होकायंत्राकडे बघितलं, आणि मग माझ्या हातात दिली. त्याला त्याच क्षणी कळलं होतं. कोर्टात तो माझ्या कपाळाकडे बघत होता ते म्हणून. चुकीचं वाचलं तर ताकीद मिळते. पण नॅव्हिगेटर स्वतः डोक्यावर लोखंड घेऊन होकायंत्रावर वाकला, ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरांना हसत हसत सांगतात. ती बाहेर आली असती तर मला पुन्हा कुणी जहाजाच्या ब्रिजवर उभं केलं नसतं. तो शपथेवर खोटं बोलला, एकदा माझ्या टोपीसाठी आणि एकदा माझ्या उद्धटपणासाठी, आणि वर स्वतःची दोन वर्षं देऊन गप्प बसला. मी खाली धावलो. धावलो म्हणजे मी, एक्केचाळीस वर्षांचा माणूस, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या. ताटली रिकामी होती. पावणेपाच झाले होते. डॉर्कस स्वयंपाकघरात बूट झटकत होती. "टाकलं की, साहेब. आज पोस्टमन वेळेवर होता, मी पोहोचले तेव्हा पिशवीच भरत होता."

त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. खरं सांगतो, लिहिलं. "मागील पत्रातील मजकूर चुकीच्या समजुतीवर आधारलेला आहे" इथपर्यंत ते छान चाललं. पुढे कारण लिहायला हवं होतं. कारण लिहिलं की माझं नाव यादीतून गेलं. आणि कारण न लिहिता नुसतं मागे घेतलं तर लॅस्कम्ब विचारणार, का? मी ते टिपकागदाखाली सरकवलं आणि म्हटलं, सकाळी. सकाळी वाटलं, जरा थांब, तार आत्ता चुंबक झालीय, तेव्हा होती कशावरून? नऊ वर्षं पत्र्याच्या डब्यात पडून तिने चुंबक धरला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, बरं, होती. पण व्हेनिंगला कळलं होतं तर त्याने मला एकट्याला का सांगितलं नाही? नऊ वर्षं? हातात हुकमाचं पान ठेवून बसलाय, योग्य वेळी टाकायला. तिसऱ्या दिवशी वाटलं, लॅस्कम्ब अशा पत्रांना विचारतात कुठे, त्यांचं ठरलेलं असणार. मी बावीस तारखेपर्यंत रोज एक कारण काढलं आणि प्रत्येक कारण मला पटलं. माझा हा एक गुण कुणी कधी नाकारलेला नाही, मला शंका काढता येतात. फक्त आजवर त्या लोकांवर काढायचो, आता त्या मला उपयोगी पडायला लागल्या. नाताळात रिवाजाप्रमाणे ब्रँडी ओतून पुडिंग पेटवलं, निळी ज्योत फिरली, हेस्टर म्हणाली, "काहीतरी माग." मी जे मागितलं ते मला लगेच नको झालं. होकायंत्र तेव्हापासून माझ्या जाकिटाच्या खिशात असे. तीस तारखेला मी टिपकागद उचलला, पत्र वाचलं, आणि परत ठेवलं.

एक जानेवारीच्या वर्तमानपत्रात यादी होती. कमांडर ते कॅप्टन. माझं नाव तिसरं. मी सगळी यादी चार वेळा वाचली, खालून वर सुद्धा. व्हेनिंग नव्हता. हेस्टरने मला मिठी मारली आणि मग माझ्या खांद्यावरून वर्तमानपत्र वाचत म्हणाली, "राल्फचं नाही?" मी म्हणालो, "नाही दिसत." ती रडली. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, हे मी विचारलं नाही, आणि हे विचारलं नाही याची मला नोंद करावीशी वाटते.

असा काही लेखी नियम नाही, पण ज्याचं नाव येत नाही त्याने ज्याचं आलंय त्याच्याकडे त्याच दिवशी जायचं, एक पेला घ्यायचा आणि हसायचं. नाही गेला तर पोटात दुखलं म्हणतात. बरेच जण तीन-चार दिवस काढतात. व्हेनिंग दुपारी दोनलाच आला, गोदीतून थेट, गणवेशातच. मिशीवर धुक्याचे थेंब. "कॅप्टन कार्सलेक," त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "आता तुझ्यापुढे मला टाचा जुळवायला लागणार की काय?" हेस्टरने त्याचा गाल चुंबला आणि त्याला आत शेगडीजवळ नेलं. मी शेरी आणायच्या निमित्ताने मागे राहिलो. त्याची टोपी खुंटीवर होती. मी खिशातलं होकायंत्र काढलं. हे मी केलं, लपवत नाही. सुई स्थिर होऊ दिली आणि त्याची टोपी तिच्याजवळ नेली. सुई हलली नाही. टोपी सुईवर जवळजवळ टेकवली. नाही हलली. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, माल्टाच्या कुठल्यातरी गाढवाची गोष्ट चालली होती. मी टोपी जिथल्या तिथे लावली.

शेरी पिताना त्याने सगळं सांगितलं. एप्रिलपर्यंत जहाजावर, मग निवृत्त यादीत. डेव्हनला बहिणीची सफरचंदांची बाग आहे, तिला हिशोबाचं डोकं नाही आणि त्याला झाडांचं नाही, जमेल दोघांचं. "समुद्र पुरे झाला, खरं म्हणजे," तो म्हणाला आणि पेल्याकडे बघत राहिला. "नाही झाला. पण म्हणायचं असं." हेस्टर डॉर्कसला केक सांगायला आत गेली तेव्हा तो पुढे वाकला. "लॅस्कम्ब काल भेटले. म्हणाले, कार्सलेकने तुझ्याबद्दल पत्र लिहिलं होतं. काय लिहिलं ते सांगेनात, त्यांचं तुला ठाऊक आहे, ओठ शिवलेले. पण तू लिहिलंस. शेवटच्या यादीला, स्वतःचं नाव टांगलेलं असताना." त्याने पेला खाली ठेवला. "उपयोग नाही झाला, ते जाऊ दे. मला एवढंच सांगायचं होतं की मला ते पोहोचलं." मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मी तिथे टोमणा शोधला, डाव शोधला, मला सगळं ठाऊक आहे असं म्हणणारी एक बारीकशी चमक शोधली. निळसर, थकलेले, जरा ओले डोळे होते. तो बोलत होता ते त्याला तसंच वाटत होतं. "व्हेनिंग," मी म्हणालो, "'कोरिसांड'वर, त्या सकाळी..."

"सोड रे," तो लगेच म्हणाला, आणि उठला. "दहा वर्षं होत आली."

दारापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने टोपी खुंटीवरून काढली, डोक्यावर ठेवली. ती वरून बसकी होती, हेस्टर म्हणते तशी, फसलेल्या केकसारखी. पायरीवर तो थांबला, वळला, आणि नेहमीसारखा अर्धा हसला. "आता कॅप्टन झालास, पूककडून नवी टोपी घेशील. वेताची कडी घाल हं, कार्सलेक." मग धुक्यात गेला. त्याचे बूट थोडा वेळ ऐकू आले, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी वळले, मग ऐकू आले नाहीत. मी त्याचं वाक्य घेतलं आणि माझ्या सवयीप्रमाणे उलटंपालटं केलं, यात काही खोच आहे का, काही ठेवलंय का. काही नव्हतं. मित्राने मित्राला सांभाळून राहा म्हणून सांगितलं होतं, तेही नऊ वर्षं थांबून, मला लागू नये एवढ्या हळू. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कसलीच शंका उरली नव्हती. आतून हेस्टर म्हणाली, "दार लाव ना, थंडी येतेय." मला ऐकू येत होतं, पण हात उठत नव्हता.